दहा तासांची रात्र

पुण्यात माणूस किती वाजता उठतो यावरून त्याच्याबद्दलचं अर्धं मत ठरून जातं. पहाटे साडेपाचला पर्वतीच्या पायऱ्या चढणारे, तळजईवर फेरी मारून येणारे, सातच्या आत अंघोळ-पूजा उरकून पेपर हातात घेणारे, ही सगळी शिस्तीची माणसं. साडेनऊला उठणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही की बाबा, तू झोपलास कधी, झोप पुरी झाली का, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का. घरात कुंभकर्ण म्हणून एकाचं नाव पडलेलं असतं आणि विषय तिथेच मिटतो.

माझी धाकटी बहीण दहा तास झोपते, म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. ती लहानपणापासून अशीच आहे. साडेदहाला आडवी झाली की साडेआठला उठणार, साडेअकराला झाली तर साडेनऊला. सुट्टी असो, परीक्षा असो, थंडी असो, हिशेब तोच. आणि ती उठते कशी, ते पाहण्यासारखं आहे. डोळे उघडले की पूर्ण जागी. पांघरुणाची घडी घालता घालता रात्रीचं अर्धवट राहिलेलं बोलणं जिथे सुटलं होतं तिथून पुढे सुरू. दुपारी डबा खाल्ल्यावर तिच्या ऑफिसातली निम्मी माणसं पेंगत असतात, तेव्हा ही ताळेबंदाचे आकडे जुळवत बसलेली असते. चहा आवडतो म्हणून पिते; जागं राहायला तिला तो लागत नाही. पण लागोपाठ चार दिवस तिला सहा तासांवर आणा आणि मग बघा. आमटीत मीठ दोनदा पडतं, गाडीची किल्ली फ्रिजवर सापडते, आणि 'काय झालं गं?' एवढ्या साध्या प्रश्नाने डोळे भरून येतात.

झोपेच्या विकारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण डॉक्टर वापरतात, त्यात अशा माणसांना 'लाँग स्लीपर' म्हटलं आहे, आणि त्यांची गणती आजारांत केलेली नाही. माणसामाणसांत जे स्वाभाविक फरक असतात, त्यांपैकी हा एक. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली वयानुसार झोपेचे तास सुचवले. १८ ते ६४ वयाच्या माणसांना ७ ते ९ तास, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य. त्याच तक्त्यात पुढे असंही होतं की काहींच्या बाबतीत १० तासही योग्य असू शकतात, आणि पंचविशीच्या आतल्यांना तर ११ सुद्धा. आपण मधला आठचा आकडा उचलला आणि तो सगळ्यांच्या डोक्यावर मारला.

मग काहींना जास्त झोप का लागते? १९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बॉर्बेली यांनी झोपेची एक मांडणी केली, ती आजही पायाभूत मानली जाते. शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. जितका वेळ आपण जागे, तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तेवढ्यापुरती तरतरी येते. दुसरीकडे मेंदूतलं घड्याळ उजेडाच्या आधाराने शरीराचा दिवस आणि शरीराची रात्र ठरवत असतं. या दोन्हींच्या मेळातून झोप कधी लागणार आणि कधी मोडणार हे ठरतं.

मला आधी वाटायचं की बहिणीचा दाब इतरांपेक्षा भराभर चढत असेल. पण डॅनियल एशबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात कमी झोपणारे आणि जास्त झोपणारे लोक शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा दाब चढण्या-उतरण्याचा वेग दोघांतही सारखाच निघाला. कमी झोपणारे फक्त जास्त दाब अंगावर घेऊन वावरत होते. खरी मेख २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. रोज नऊ तासांहून जास्त आणि रोज सहा तासांहून कमी झोपणाऱ्या माणसांना मंद उजेडात, एकसारख्या परिस्थितीत जागं ठेवलं आणि त्यांचं रक्त, त्यांचं तापमान मोजत राहिले. शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं मेलाटोनिन चढं असण्याचा, शरीराचं तापमान उतरलेलं असण्याचा काळ जास्त झोपणाऱ्यांत लांब होता. ते झोपलेले नसतानाही लांब होता! म्हणजे बाहेर सूर्य उगवला, दूधवाला येऊन गेला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी या माणसांच्या शरीरात अजून रात्रच असते. हे वाचलं त्या दिवशी मी ते पान बहिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "ताई, हे मी आठवीत असताना कुणी सांगितलं असतं तर!"

या माणसांची गाढ झोप काही फार जास्त नसते, हीही एक गंमतीची बाब. सुरुवातीच्या तासांतली गाढ झोप सगळ्यांची जवळपास सारखी. वाढीव तास जातात ते हलक्या झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेत. म्हणून पहाटे सहाला उठवलं तर 'मुख्य झोप तर झाली की' असं वरवर वाटू शकतं. पण पहाटेनंतरचे ते तास म्हणजे शिल्लक माल नव्हे. एकाचं पोट दोन भाकरींत भरतं, दुसऱ्याला चार लागतात, आणि चार खाणाऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या भाकरीला आपण चैन म्हणत नाही.

यात घराण्याचा वाटा आहेच. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यिंग-हुई फू यांच्या गटाला एका मायलेकीत डेक-टू नावाच्या जनुकातला एक बदल सापडला. त्या दोघींना सव्वासहा तासांच्या आसपास झोप पुरायची आणि कसलाही त्रास नव्हता. जास्त झोपेचं असं एखादं एकच जनुक नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या साडेचार लाखांच्या आसपास लोकांची जनुकीय माहिती चाळली तेव्हा झोपेच्या तासांशी नातं असलेली ७८ ठिकाणं मिळाली, आणि त्यातल्या ठळक ठिकाणाचा परिणामसुद्धा दोन-तीन मिनिटांचा. थेंब थेंब साठून कुणाच्या वाट्याला साडेसहा तास येतात आणि कुणाच्या वाट्याला दहा. आमच्या आजोबांना 'सकाळी उठवायला दोन माणसं लागायची' असं आजी सांगायची. आजोबांच्या बाबतीत ती आठवण कौतुकाची होती. नातीच्या बाबतीत तीच तक्रार झाली.

आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण झोपेचा प्रश्न मुलीच्या वाट्याला आला की त्याचं रूपच पालटतं.

बहिणीचं लग्न होऊन ती शनिवार पेठेतल्या घरी गेली. सासूबाई प्रेमळ, पण पाचला उठणाऱ्या. तिथे पाणी पहाटे यायचं, ते भरून ठेवायचं, मग चहा, मग मागचं सगळं. बहीण उशिरा उठते हे पहिल्या आठवड्यात कळलं आणि मग कुणी काही बोललं नाही, पण साडेसहानंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जाऊ लागली. ती गजर लावून उठू लागली. दोन महिन्यांत तिचं वजन उतरलं, सर्दी जाईना, आणि एकदा अलका चौकात सिग्नल सुटल्यावरसुद्धा ती स्कूटरवर तशीच थांबून राहिली, मागचे हॉर्न ऐकू येऊनही हात हलेना. त्या दिवशी मी गेले आणि काकूंशी बोलले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मला काही तिच्याकडून राबवून घ्यायचं नाही. पण सून नऊपर्यंत झोपते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, याचीच धास्ती वाटते." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मला कुणी झोपू दिलं असतं तर मी किती झोपले असते, मला माहीतच नाही."

जावई रविवारी अकरापर्यंत झोपतात. त्यांच्या झोपेला 'दमतो बिचारा आठवडाभर' असं नाव आहे. मी हे त्यांच्यावर रागावून लिहीत नाही, ते सज्जन आहेत. बायकोची अडचण कळल्यावर सकाळचं पाणी त्यांनी आपल्याकडे घेतलं. पण बाईची झोप ही घरातल्या कामातून चोरलेली वेळ आणि पुरुषाची झोप ही कामाची भरपाई, हा हिशेब आपल्या घरांत फार खोल गेलेला आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचा हक्क या शहराने अभिमानाने सांभाळला. वामकुक्षीला मान आहे. सकाळच्या झोपेला तो का नसावा, याचं सयुक्तिक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

बोलता बोलता लोक एक गल्लत नेहमी करतात. उशिरा उठणारा आणि जास्त झोपणारा हे एकच समजतात. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेला काम करून रात्री तीनला घरी येणारा मुलगा दहाला उठला तर तो सातच तास झोपला. सोसायटीतले काका मात्र त्याला ऐदी म्हणून मोकळे होतात. कॉलेजच्या वयात तर शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री लवकर झोप येत नाही. त्याहून लहानांचाही सकाळी झोपेचा हक्क आता थोडाफार मान्य होऊ लागलाय. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा रिक्षाकाकांपासून पालकांपर्यंत वेळापत्रकांची ओढाताण झाली. पण मुलांची झोप हा शासननिर्णयाचा विषय झाला, याचाच मला आनंद वाटला.

आता दुसरी बाजू. जास्त झोपणारं प्रत्येक माणूस माझ्या बहिणीसारखं नसतं, आणि 'ज्याची त्याची प्रकृती' म्हणून सगळ्यांनाच सोडून देणं हा तितकाच मोठा अन्याय आहे.

माझ्या मावशीकडे सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. त्यात लातूरकडचा एक मुलगा होता, हुशार, अबोल. खोलीतले बाकीचे पाचला उठून अभ्यासिकेत जागा धरायला पळायचे; हा झोपलेला. मेसची वेळ संपायची, हा झोपलेला. बारा तास झोपूनही याचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा. मित्रांनी त्याचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, म्हणजे गजर घणघणेल. तो उठायचा, चालत जायचा, डबा उघडून गजर बंद करायचा, "हो, उठलोय" असं स्पष्ट म्हणायचा आणि परत येऊन झोपायचा. दुपारी विचारलं तर यातलं काहीच आठवत नसे. एका सकाळी मावशीने हातात दिलेला चहाचा कप त्याने तिच्यासमोर शांतपणे बादलीत रिकामा केला आणि कप विसळून तिच्या हातात दिला. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. मावशी घाबरली. तिला वाटलं पोरगा कसल्यातरी नादाला लागला.

ही जी अवस्था आहे, तिचं वर्णन १९५० च्या दशकात प्रागच्या बेद्रिख रोट यांनी केलं: झोपेतून उठतानाची नशा, जी दारू न पिता चढते आणि तास तास उतरत नाही. पुढे त्यांनीच 'इडिओपॅथिक हायपरसोम्निया' हे निदान वेगळं काढलं. चोवीस तासांत अकरा तास किंवा अधिक झोप, तीही रोज. दुपारी झोपलं तर तासाच्या वर आणि उठल्यावर आणखी जड. आणि किती झोपलं तरी समाधान नाही. बहुतेकांना हा त्रास विशीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणजे नेमका परीक्षांच्या वयात. नार्कोलेप्सी हा याचा शेजारी, पण वेगळा. त्यातल्या माणसाला दिवसा झोपेचे झटके येतात, कधी मोठ्याने हसताना गुडघ्यांतलं बळ जातं, पण चोवीस तासांची बेरीज केली तर तो इतरांपेक्षा फार जास्त झोपत नाही. ओरेक्सिन हे जागं ठेवणारं रसायन १९९८ मध्ये सापडलं आणि दोनच वर्षांत कळलं की अशा रुग्णांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. इडिओपॅथिक हायपरसोम्नियाचं कारण मात्र अजून कुणाच्याच हाती लागलेलं नाही.

त्या मुलाला निदानापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. आधी सगळ्यांनी बरोबरच केलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही, आणि थायरॉइड मंदावला की माणूस दिवसभर अंग टाकून बसतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. नैराश्याचीही चौकशी व्हायलाच हवी, कारण त्याच्या एका प्रकारात झोप उडण्याऐवजी वाढते. आणि एका डॉक्टरांनी तेवढ्यावरच थांबून त्याला गोळ्या सुरू केल्या, ज्यांनी तो आणखी झोपू लागला. शेवटी एका झोपतज्ज्ञ बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "उठल्यावर कसं वाटतं?" तो म्हणाला, "मॅडम, उठल्यासारखंच वाटत नाही."

त्यांनी त्याला झोपेच्या नोंदींसाठी वही दिली, हवं तेवढं झोपायला सांगितलं आणि मनगटाला हालचाल टिपणारं यंत्र बांधलं. कारण कमी झोपणाऱ्याची थकलेली झोप आणि हा आजार, यांत आधी निवड करावी लागते. मोकळी झोप मिळाल्यावर पहिला सुधारतो, दुसरा नाही. मग एक रात्र डोक्याला, छातीला, पायांना वायरी लावून प्रयोगशाळेत. श्वास अडत नाही ना, ते त्यात कळतं. हे फार महत्त्वाचं, कारण जास्त झोपूनही थकलेल्या माणसांत स्लीप अ‍ॅप्निया पुष्कळ सापडतो आणि आपल्याकडे मोठ्याने घोरणाऱ्याला 'किती गाढ झोपलाय' म्हणण्याची पद्धत आहे. घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू हिसका देऊन जागा होतो, आणि हे रात्रभर चालतं. त्यात गाढ असं काही उरत नाही. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र पुढे आणलं. ज्यांचं निदान झालं त्यांचं दुपारचं पेंगणं त्याने बहुतेकदा ओसरतं. या मुलाचा श्वास ठीक होता. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधार करून त्याला झोपायला सांगितलं आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजलं. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागणं हा मोठा पुरावा मानतात. त्याला त्याहून फार लवकर लागली.

या सगळ्या काळात मी चरकसंहितेचा सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय पुन्हा वाचला. झोपेचे प्रकार तिथे कारणांवरून सांगितले आहेत: तमापासून आलेली, कफाने आलेली, मनाच्या आणि शरीराच्या श्रमाने आलेली, बाहेरच्या कारणाने आलेली, आजाराच्या मागोमाग येणारी, आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी. पापाचं मूळ म्हटलंय ते फक्त तमापासून आलेल्या झोपेला. रात्रीच्या झोपेला जिवांचं पोषण करणारी म्हटलंय, आणि बाकीच्यांची सोय चक्क आजारांच्या सदरात लावली आहे. जुन्या वैद्याने इतकी वर्गवारी करून ठेवली होती, आणि आपण तिच्यातलं एकच खातं उचलून सगळे झोपणारे त्यात कोंबले, हे मला फार लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मधूनमधून एक निरोप फिरतो, 'नऊ तासांहून जास्त झोपणारे लवकर मरतात.' बहीण एकदा तो वाचून खरंच घाबरली होती. अशा निरोपांमागे खरे अभ्यास आहेत, त्यातला २००२ चा एक अमेरिकेतल्या ११ लाखांवर लोकांचा होता. सात तासांच्या आसपास झोपणाऱ्यांत मृत्युदर सर्वांत कमी, दोन्ही बाजूंना वाढता. पण आजारी माणूस जास्त झोपतो, दुखणं कळायच्या आधीपासून जास्त झोपतो. झोपेमुळे मरण आलं असं या आकड्यांतून सिद्ध होत नाही. जन्मापासून दहा तास झोपणारी, दिवसभर चपळ असणारी बाई आणि गेल्या सहा महिन्यांत सातावरून दहा तासांवर गेलेला पन्नाशीचा गृहस्थ, या दोघांना एकाच ओळीत बसवता येत नाही. त्या गृहस्थाने मात्र उद्याच डॉक्टरांकडे जावं, असं मी कळकळीने सांगेन.

बहिणीने नंतर नोकरी बदलली, अकराला सुरू होणारी धरली. गौरी-गणपतीत पहाटेचं काकू बघतात, आणि रात्री बारापर्यंत पुरण वाटणं, भांडी, दुसऱ्या दिवसाची तयारी बहिणीकडे. पाहुण्यांनी विचारलं तर काकूच सांगतात, "तिला दहा तास लागतात."

लातूरच्या मुलाला जागं ठेवणाऱ्या मोडाफिनिलची गोळी सुरू आहे. तिने आजार जात नाही, दिवसाचे काही तास नीट हाती येतात. त्याने अभ्यासाचं वेळापत्रक त्या तासांवर बसवलं आहे आणि अभ्यासिकेत दुपारची जागा धरली आहे. निदान झाल्यावर त्याची आई गावाहून आली होती. शेतातलं काम टाकून, एका दिवसासाठी. मावशीच्या बाहेरच्या खोलीत बसून तिने तो रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. तो इंग्रजीत होता. मग मावशीला विचारलं, "माझं लेकरू आळशी नाही, असं लिहिलंय का ह्यात?"

मावशी म्हणाली, "हो, तसंच लिहिलंय."

ती खाली जाऊन त्याच्या तीन झेरॉक्स काढून आली. एक त्याच्या वडिलांसाठी, एक थोरल्या दिरांसाठी, आणि एक गावच्या शाळेतल्या गुरुजींसाठी.